बिनबोलीचा रेडिओ

रश्मीने रेडिओ विकायला ठेवला होता, तोफ नव्हे. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत जो मजकूर आला होता, त्याचा अर्थ तसाच काहीसा निघत होता – शस्त्रं, दारूगोळा आणि त्यांचे सुटे भाग इथे विकता येत नाहीत, म्हणून आपली वस्तू काढून टाकली आहे, आणि नोंदणीचं शुल्क परत मिळणार नाही.

तिने ते पुन्हा वाचलं. चष्मा ओढणीला पुसला आणि आणखी एकदा वाचलं.

"इश्वरभाऊ, हे काय म्हनून राहिलं, पाहा बरं थोडं..."

इश्वरभाऊ म्हणजे त्या नेट कॅफेचा मालक. भंडाऱ्यात खांब तलावाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत त्याने प्लायवूडचे आडोसे करून जुने कॉम्प्युटर मांडले होते. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यात गोंदिया अजून भंडाऱ्यातच होता. नवा नकाशा आणावा असं त्याच्या कधी मनात आलं नाही. या घडीला तो इन्व्हर्टरच्या तारा हलवत होता. त्याला हाक ऐकू गेली नाही.

ऐकू गेली ती शेजारच्या आडोशाला. तिकडून हसू आलं... म्हणजे हसू नव्हे, हसू गिळल्याचा आवाज.

"तुमच्या पत्त्यात 'ऑर्डनन्स' लिहिलं असन," प्लायवूडमागून कोणी म्हणालं.

"हव. मंग? ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरात राहतो, त काय लिहू? राजवाडा?"

"त्या शब्दाले भेते ते. तिथं मानूस नाई वाचत, मशीन वाचते. मशीनले वाटलं, जवाहरनगरची मॅडम तोफ विकून राहिली."

रश्मीने मान लांब करून पलीकडे पाहिलं. किडकिडीत मुलगा, कोपरावर उसवलेलं तपकिरी स्वेटर. तिच्या नजरेला नजर भिडताच तो अर्धवट उठला, आणि उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे परत बसला.

"माझा बी माल काढला मागं," तो आपल्या कीबोर्डकडे पाहत म्हणाला. "अडकित्ता होता. मोराच्या घाटाचा, पितळेचा. धारदार हत्यार म्हनून काढला."

"सुपारी कातराचा अडकित्ता?"

"हव."

"म्हनजे तुम्ही बी गुन्हेगारच."

"लहान," तो म्हणाला. "तुम्ही तोफेवाल्या."

रश्मी हसली. बाहेर पौषातलं आभाळ सकाळपासून तसंच उतरलेलं होतं, तलावाच्या पाण्याला रंग नव्हता, आणि गेल्या काही आठवड्यांत आपण हसलो नव्हतो हे तिला हसल्यावर कळलं.

त्याचं नाव अनुप. तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याचा. तिथून पुढे मध्य प्रदेश लागतो. दोन्हीकडचे आठवडी बाजार तो धुंडाळायचा. जुने अडकित्ते, चुन्याच्या डब्या, गॅसबत्त्या शोधायचा, राखेने घासायचा आणि त्यांचे फोटो घेऊन भंडाऱ्याला यायचा, कारण बपेऱ्यात नेट नव्हतं. मग तो ते फोटो लिलावाच्या संकेतस्थळावर चढवायचा, आणि कलकत्त्याचा नाहीतर मद्रासचा कोणी शौकीन रात्रीतून त्यावर बोली लावायचा.

रश्मी रेडिओ विकायची. जवाहरनगरच्या वसाहतीत देशभरातली माणसं नोकरीला येतात आणि निवृत्त झाली की घर रिकामं करून आपापल्या मुलखाला जातात. जाताना जड वस्तू मागे ठेवतात. त्या रश्मी मागून आणायची आणि तिचे वडील, यादोराव, कामावरून आल्यावर त्या दुरुस्त करायचे. व्हॉल्व्हचे रेडिओ, ट्रान्झिस्टर, क्वचित एखादा ग्रामोफोन. फॅक्टरीत ते मशीनवर तोफगोळ्यांची कवचं कातायचे, पण त्यांचा जीव त्या तारांत होता.

आता यादोरावांचीच पाळी आली होती. फेब्रुवारी संपला की ते निवृत्त होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. पुण्यात थोरला मुलगा होता, अतुल. त्याचा एकच धोशा होता – तिघंही इकडे या, रश्मीसाठी इथे स्थळंही पुष्कळ आहेत. रश्मीचं म्हणणं वेगळं होतं. भंडाऱ्यात दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या, रस्त्याकडेची खोली बाबांच्या दुरुस्तीला, आतली राहायला. रेडिओ विकले जात राहिले तर ते जमण्यासारखं होतं. संकेतस्थळावरचं तिचं खातं, त्यातली तिच्या नावापुढची निळी चांदणी, अनोळखी माणसांनी लिहिलेले चार बरे शब्द... एवढंच तिच्या स्वतःच्या नावावर होतं. ते टिकलं तर तिला भंडारा सोडावा लागणार नव्हता.

म्हणून ती त्या जागेचे सगळे जाच सोसत होती. वस्तू मांडायचं शुल्क. फोटो दुसरा लावला तर त्याचं शुल्क. नाव ठळक अक्षरांत हवं तर त्याचं. वस्तू विकली गेली की त्यात हिस्सा, नाही गेली तर मांडल्याचं बुडालं ते बुडालंच.

"मंडईत दुकान लावलं त ग्रामपंचायतवाला एकदा पावती फाडते," अनुप म्हणायचा. "हा दम घेतला का फाडते."

"अन् दम नाई घेतला त?"

"त खातं निष्क्रिय म्हनून फाडते."

ती आता मंगळवारी यायची, कारण तो मंगळवारी यायचा. हे दोघांपैकी कोणी बोललं नव्हतं.

संकेतस्थळाचा आणखी एक नियम होता. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांना फोन नंबर द्यायचा नाही, पत्ता द्यायचा नाही. जे विचारायचं ते वस्तूखालच्या चौकटीत, सगळ्यांना दिसेल असं. आकडे लिहिले तर मशीन त्यांच्या जागी चांदण्या टाकायचं. एका मंगळवारी रश्मीने एक ट्रान्झिस्टर मांडला आणि लगेच त्याखाली प्रश्न उमटला – विक्रेत्या मॅडम, रेडिओसोबत ऐकायला माणूस मिळतो का?

प्लायवूडच्या पलीकडचा कीबोर्ड नुकताच थांबला होता.

तिने लिहिलं – वॉरंटी नाही.

पलीकडे कीबोर्ड वाजला – वॉरंटी नको. चालू स्थितीत असला म्हणजे झालं.

तिने लिहिलं – कधी कधी खरखर करतो.

मग आलं – खरखर आवडते.

"अबे, बाजूबाजूले बसून काय लिहून राहिले एकमेकायले?" इश्वरभाऊ मागे उभा होता. "तासाचे पैसे दोघांचे लागून राहिले. बोलून घ्या ना, फुकट हाय."

बोलणं फुकट होतं खरं, पण तेच तर अनुपला जमत नव्हतं. प्लायवूडच्या आडून तो चांगला बोलायचा. समोर आला की त्याचे शब्द अर्ध्यावर थांबायचे आणि हात स्वेटरच्या उसवलेल्या कोपराकडे जायचा.

जानेवारीत एकदा दोघं कारध्याला गेले. तिथल्या एका बंद पडलेल्या हॉटेलाच्या मालकाकडे जुनी गॅसबत्ती आहे असं अनुपला कळलं होतं. बत्ती होती, पण आतून पार गंजलेली. परत येताना ते जुन्या पुलावर थांबले. वैनगंगेवर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं वाहिल्यासारखं ऐकू येत होतं.

"आमच्या गावात बी लिलाव होते," अनुप म्हणाला. तो कठड्याकडे तोंड करून बोलत होता, म्हणून त्याला बोलता येत होतं. "मी लहान असताना विहार बांधून राहिले होते. पैसे सरले. मंग लोकायनं घरातल्या वस्तू आनून देल्ल्या. कोनी कोहळा आनला, कोनी गंगाळ. त्याचा लिलाव केला. पहिली वस्तू माझ्या आजीची होती. घोंगडी. जुनीच होती... कोनी बोलेच ना."

"मंग?"

"आजी मान खाली घालून बसली. तवा आबा उठला अन् आपल्याच बायकोच्या घोंगडीवर बोली बोलला. सगळे हसले. आपलीच घोंगडी विकत घेते म्हने म्हातारा. पन मंग दुसरा बोलला, तिसरा बोलला... चढली बोली. तवापासून रिवाजच पडला. ज्याची वस्तू, त्याच्या आपल्या मानसानं पहिली बोली बोलाची. नाई बोलली, त ते वस्तू बेवारस."

रश्मी धुक्याकडे पाहत राहिली.

"अन् ज्याले आपलं मानूसच नाई, त्यानं?"

अनुपने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. एक ट्रक नव्या पुलावरून गेला, त्याचा आवाज इकडे येऊन विरला. त्याने फक्त तिची ओढणी कठड्याच्या गंजात अडकली होती ती सोडवून दिली... आणि सोडवल्यावरही टोक क्षणभर हातातच राहू दिलं.

तो घरीही येऊन गेला. एक ट्रान्झिस्टर उचलायला मदत हवी हे निमित्त होतं, आणि ट्रान्झिस्टर एका हातात मावणारा होता. पार्वताबाईंनी, रश्मीच्या आईने, त्याच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली आणि तो खात असताना त्याला नीट न्याहाळून घेतलं.

"काय गा, तू बोलत नाईस का कमी बोलतेस?"

"कमी बोलतो, काकू."

"बरं हाय. आमच्या इथं बोलाले मी हाओ."

यादोराव त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि घरचा रेडिओ दाखवला. रश्मी जन्मली त्या वर्षी त्यांनी तो एका बंगाली फोरमनकडून घेतला होता. शिसवी पेटी, समोर कापडाची जाळी आणि वरच्या कोपऱ्यात काचेचा हिरवा डोळा. कळ फिरवत गेलं की तो डोळा उघडायचा, मिटायचा.

"स्टेशन बरोबर लागलं का मिटते," यादोराव म्हणाले. "उघडा असला म्हनजे समजाचं, आपन जवळ आलो, पन अजून लागलं नाई."

अनुप मिटणाऱ्या डोळ्याकडे पाहत होता, आणि रश्मी दारात उभी राहून त्याच्याकडे.

तोच रेडिओ विकायची वेळ आली. भंडाऱ्याच्या खोल्यांचा मालक आगाऊ रक्कम मागत होता, आणि अतुलने तर पुण्याला निघायचं पक्कंच धरलं होतं. यादोराव स्वतःच म्हणाले, "हा ठेव लिलावात. हा गेला त खोल्या झाल्या. नाई गेला त पुन्याले जाऊ." एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले.

रश्मीने फोटो काढले. किमान किंमत ठरवून ठेवायची सोय होती, पण तिचं शुल्क वेगळं होतं आणि ते जड होतं. म्हणून तिने अगदी कमी बोलीपासून सुरुवात ठेवली. धोका तिला कळत होता – एकच बोली आली तर बाबांचा रेडिओ कवडीमोलाने जाईल.

एकही आली नाही. दिवस उलटत गेले. फोटोखाली शून्य होतं आणि शून्यच राहिलं. अनुप तिला सांगायचा, शौकीन लोक शेवटच्या घटकेला येतात, आधी कोणी हात दाखवत नाही. तिला ते पटायचं आणि पटायचं नाही. शेवटच्या दिवशी ती कॅफेत आलीच नाही. आईला घेऊन खोल्यांच्या मालकाकडे गेली होती, आणखी थोडे दिवस मागायला.

अनुप आला होता. त्याच्या नेहमीच्या जागेचा कॉम्प्युटर बिघडला होता म्हणून इश्वरभाऊने त्याला रश्मीच्या जागेवर बसवलं. त्याने रेडिओचं पान उघडलं. हिरवा डोळा फोटोत मोठा उघडा दिसत होता, आणि खाली शून्य.

त्या संकेतस्थळाचे नियम त्याला पाठ होते. ओळखीच्या माणसाने ओळखीच्याच्या वस्तूवर बोली लावायची नाही, हा तर अगदी वरचा नियम. दुसऱ्या दिवशी त्याला तो अक्षरन् अक्षर आठवला. पण त्या दुपारी नियम आठवले नाहीत, गाव आठवलं असावं. मान खाली घालून बसलेली आजी आठवली असावी.

त्याने बोली लावली.

संध्याकाळपर्यंत मद्रासचा एक माणूस आला, मग इंदूरचा, मग पुन्हा मद्रासचा. बोली चढत चढत गेली, अनुपची कधीच मागे पडली. घरी परतताना रश्मीने वसाहतीच्या नाक्यावरच्या फोनवरून कॅफेत विचारलं, आणि इश्वरभाऊने आकडा सांगितला. ती तशीच फोन धरून उभी राहिली. खोल्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं खातं बंद होतं.

पत्र लांबलचक होतं आणि त्यात तिचं नाव एकदाच होतं. पहिली बोली लावणारा आणि विकणारी एकाच कॉम्प्युटरवरून आलेले आढळतात. वस्तूंखाली त्यांची आपसांतली प्रश्नोत्तरंही आढळतात. किंमत फुगवण्यासाठी संगनमत केल्याचा संशय आहे. लिलाव रद्द. विक्रेत्याने आठवड्याच्या आत खुलासा करावा – बोली लावणाऱ्याशी आपला संबंध काय? खाली चार पर्याय होते. घरचा माणूस, मित्र, सहकारी, कोणी नाही. पहिल्या तिन्हींपैकी काहीही असल्यास खातं कायमचं बंद होईल.

अनुप जिन्यात उभा होता. त्यालाही पत्र आलं होतं.

"काहून लावली बोली?" तिने विचारलं. आवाज वर गेला नाही, म्हणूनच तो त्याला जास्त लागला.

"पडून होता रेडिओ... एक बी बोली नव्हती."

"तूच म्हटलं होतं ना, शेवटाले येतात म्हनून? मंग? थोडं थांबवत नव्हतं?"

"नाई थांबवलं."

"बाबानं काळीज काढून ठेवलं होतं रे तिथं. अन् तू..." तिला पुढचे शब्द सापडेनात. मग सापडले ते भलतेच. "मी का तुमच्या गावची हाओ? मी का तुही आपली मानूस हाओ, का तू लावशीन बोली?"

हाच तो क्षण होता. अनुपला कळलंही असेल. त्याचा हात कोपराकडे गेला. तो जिन्याच्या पायरीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "तू लिहून टाक ना... कोनी नाई म्हनून. मी बी तसंच लिहितो. मले खातं नाई भेटलं तरी चालते. तुहं वाचलं पाहिजे."

"एवढंच?"

"मी येत नाई आता इथं. खोटं नको पडाले."

तो खाली उतरून गेला. रश्मी उभीच राहिली. रागावून बोलायचं बरंच उरलं होतं, आणि ज्याच्यावर रागवायचं तो नव्हता.

मंगळवारी शेजारचा आडोसा रिकामा होता. इश्वरभाऊने तिथे दुसऱ्या कोणाला बसवलं नाही. रश्मीने खुलाशाचं पान उघडलं आणि चौथ्या पर्यायावर बाण नेला. कोणी नाही. त्यात तसं खोटं काय होतं? त्याने काही म्हटलं नव्हतं, तिने काही म्हटलं नव्हतं. तिने खूण केली, बटण दाबलं... आणि माडीवर अंधार झाला. भारनियमन. इन्व्हर्टरने एकदा कण्हल्यासारखं केलं आणि तोही गप्प झाला.

"गेलं का तुहं?" अंधारातून इश्वरभाऊने विचारलं.

"नाई. मधातच राहिलं."

घरी आली तेव्हा रेडिओ परत आपल्या जागेवर होता. मद्रासला जायला बांधलेली सुतळी आईने सोडून ठेवली होती.

"लिहून आली का?" पार्वताबाईंनी विचारलं.

"लाईन गेली. उद्या लिहीन."

"काय लिहिनार?"

"ओळख नाई म्हनून."

पार्वताबाई सुतळीचा गुंडा करत होत्या. तो पुरा करून त्यांनी बाजूला ठेवला. "लिही बाई. कंपनीले काय मालूम पडते. फक्त तो पोट्टा पोहे खाऊन गेला, त्या ताटलीले नको सांगू."

यादोरावांनी नुसती रेडिओची कळ फिरवली. हिरवा डोळा उजळला, उघडला, थोडा मिटला आणि अर्ध्यावर राहिला. खरखर चालूच राहिली. ते पुढेही फिरवत नव्हते, मागेही नाही. रश्मी भिंतीला टेकून बसली आणि तिला वाटलं, खात्यासाठी आपण लढलो ते भंडाऱ्यात राहायला. आणि भंडाऱ्यात राहायचं होतं ते नक्की कशासाठी? खोल्यांसाठी? मग गेले दोन महिने ती मंगळवार का मोजत होती?

दुसऱ्या दिवशी तिने पान उघडलं. 'मित्र' हेही खरं झालं असतं, पण अर्धंच. तिने पहिल्या पर्यायावर खूण केली. खाली खुलाशासाठी मोकळी जागा होती. इंग्रजी तिचं बेताचंच. तरी तिने सावकाश लिहिलं, की आम्ही किंमत फुगवली नाही. बपेरा नावाच्या गावी रिवाज आहे, आपल्या माणसाची वस्तू बोलीवाचून पडू द्यायची नाही. त्याने एकच बोली लावली आणि ती पुरली. तो माझा आपला माणूस आहे, हे त्याने मला सांगितलेलं नाही, मी तुम्हाला सांगते आहे.

इश्वरभाऊ मागून चहा घेऊन आला होता. त्याने शेवटची ओळ वाचली की नाही कोण जाणे. त्याने चहा ठेवला आणि त्या दिवशी तासाचे पैसे घेतले नाहीत.

उत्तर दोन ओळींचं आलं. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

रश्मीने निळ्या चांदणीच्या जागी राहिलेली कोरी जागा पाहिली. आयुष्यात तिने पहिल्यांदा मनातलं कोणाला सांगितलं होतं, आणि ते एका मशीनला.

फेब्रुवारी संपला. यादोरावांना गळ्यात हार घालून फॅक्टरीच्या बसने घरापर्यंत सोडलं. पुण्याला सामान नेणारा टेम्पो ठरला. अतुलच्या घरात जागा थोडी, म्हणून वसाहतीच्या रीतीप्रमाणे जड सामान ओसरीवर मांडलं – पलंग, टाकी, लोखंडी कपाट, आणि रेडिओ. सकाळपासून मळभ होतं. शेजारच्या बाया येऊन वस्तू ठोकून पाहत होत्या.

"हा चालते का?" शकुनबाईंनी रेडिओवर हात ठेवला. त्या पलीकडच्या क्वार्टरातल्या.

"चालते," यादोराव म्हणाले.

"आमच्या इथं टीव्ही हाय. पन याच्यावर फुलदानी चांगली दिसन. काय द्याचं?"

यादोरावांच्या तोंडून आकडा निघेना. पार्वताबाईंनी मध्ये पडून म्हटलं, "बोला तुम्हीच. जो जास्त देईन त्याचा." बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. निवृत्त माणसाचा जुना रेडिओ. पहिलं कोणी बोलायचं? कोणीच बोललं नाही. रश्मी टेम्पोत भांड्यांची पेटी चढवत होती. तिला ती शांतता पाठीमागून ऐकू आली आणि तिने मान खाली घातली.

"माझी बोली."

आवाज फाटकातून आला. मोठा होता, आणि शेवटी थोडा चिरकला. अनुप उभा होता. बसमधून उतरून पळत आला असावा; तपकिरी स्वेटर त्याने उलटं घातलं होतं.

"किती?" पार्वताबाईंनी विचारलं.

"तवा लावली होती तेवढीच."

शकुनबाईंनी रेडिओवरचा हात काढून घेतला.

रश्मी पेटी ठेवून ओसरीजवळ आली. "कोनं सांगतलं तुले?"

"इश्वरभाऊनं. म्हने, पोट्टीनं कंपनीले लिहून देल्लं, अन् तू तिकडे सुपाऱ्या कातरत बस." तो थांबला. "काय लिहिलं ते नाई सांगतलं."

"मंग मी विचारतो तेच सांग," रश्मी म्हणाली. बाया ऐकत होत्या, बाबा ऐकत होते, टेम्पोवाला विडी विझवून ऐकत होता. "बोली लावनाऱ्याचा अन् विकनारीचा संबंध काय? चार पर्याय हायेत."

अनुपचा हात कोपराकडे निघाला. अर्ध्या वाटेतच थांबला. त्याने मान वर केली, आणि यावेळी मध्ये प्लायवूडही नव्हतं, धुकंही नव्हतं.

"पहिला," तो म्हणाला.

"घरचा मानूस?"

"हव. उशीर झाला सांगाले... जिन्यातच सांगाचं होतं."

"हव," ती म्हणाली. "जिन्यातच सांगाचं होतं."

टेम्पोवाल्याने हळूच हॉर्न वाजवला. त्याला अंधारायच्या आत नागपूर गाठायचं होतं. खातं गेलं होतं, खोल्या गेल्या होत्या, क्वार्टरच्या किल्ल्या दुपारी द्यायच्या होत्या. एका शब्दाने यातलं काहीच परत येणार नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं. म्हणून ते नुसते एकमेकांकडे पाहत उभे राहिले.

पार्वताबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बायांकडे पाहिलं. "अजून कोनाची बोली? नाई ना? बरं. एक..."

कोणी हललं नाही.

"दोन..."

अनुपने रेडिओवर हात ठेवला. रश्मीने डोळे मिटले.

पार्वताबाईंनी तोंड मिटून घेतलं. पदर खोचला आणि टेम्पोकडे चालू लागल्या.

"काकू," अनुप म्हणाला, "तीन?"

"तीन असं ओसरीवर म्हनत नसतात, बाबू," त्या मागे न पाहता म्हणाल्या. "रेडिओ ने तू. जपून ठेव. अन् तुहे माय-बाप घेऊन पुन्याले ये. तिथं म्हनीन."

टेम्पो निघाला तेव्हा बारीक पाऊस पडू लागला होता, अवेळी, माती न भिजवणारा. रश्मी मागे, गुंडाळलेल्या गाद्यांवर बसली होती. फाटकाशी अनुप रेडिओ छातीशी धरून उभा होता. पेटी भिजू नये म्हणून त्याने स्वेटर काढून तिच्यावर टाकलं होतं, आणि तो स्वतः भिजत होता.

वळणापर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्यामागे ओसरीवर बाया अजून उभ्या होत्या. त्याच्या बोलीवर दुसरी बोली कोणी लावली नव्हती.